ध्वनिविलंब, संगणकीय ध्वनिमुद्रणातील

गायक किंवा वादक संगणकाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करीत असता त्याने निर्माण केलेला ध्वनी ध्वनिग्राहकात शिरल्यापासून संगणकातून फिरून पुन्हा त्याच्या कानी पडेपर्यंत जो काल जातो, त्याला ध्वनिविलंब म्हणतात. ‘लॅटन्सी’ या नावानेही तो परिचित आहे. तो मिलिसेकंदांत (१ मिलिसेकंद = सेकंदाचा हजारावा भाग; संक्षेप मिसे.) मोजतात. ध्वनिमुद्रणगृहात स्वतंत्र मिश्रणयंत्र व ते हाताळणारा तंत्रज्ञ असतो. त्यामुळे कलावंताला या प्रश्नाची जाणीव सहसा होत नाही. घरी मात्र ध्वनिग्राहक, परिवर्तक, संगणक व हेडफोन यांची साखळी कलावंताला स्वतःच जुळवावी लागते. विलंब जास्त असल्यास ठेक्याबरोबर गाताना लय ओढल्यासारखी वाटते, स्वतःचा आवाज परका वाटू लागतो आणि दोष यंत्रणेत असताना तो आपल्या लयीत आहे, असा समज होतो. हा विलंब पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. परंतु तो कोठे व का निर्माण होतो हे कळल्यास कलावंताच्या कानापर्यंत जाणाऱ्या मार्गातून तो बहुतांशी दूर ठेवता येतो.

पूर्वेतिहास : मुद्रित होणारा ध्वनी कलावंताला योग्य वेळी ऐकविण्याचा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रकात मुद्रण करणारे शीर्ष व पुनरुत्पादन करणारे शीर्ष फितीच्या मार्गात काही अंतरावर बसविलेले असे. त्यामुळे मुद्रित झालेला ध्वनी दुसऱ्या शीर्षापाशी पोहोचण्यास वेळ लागे. समजा, दोन शीर्षांतील अंतर ३.८ सेंमी. व फितीचा वेग सेकंदाला १९ सेंमी. असेल, तर हा विलंब २०० मिसे. होतो; वेग दुप्पट केल्यास तो १०० मिसे. इतका उतरतो. आधी मुद्रित केलेली साथ ऐकून तिच्यावर नवीन पट्टी भरावयाची झाल्यास एवढे अंतर चालत नाही. यावर अँपेक्स या अमेरिकन कंपनीने सोपा उपाय काढला. जुन्या पट्ट्या पुनरुत्पादन शीर्षाऐवजी मुद्रण शीर्षानेच वाचावयाच्या, म्हणजे जुना व नवा ध्वनी फितीवर एकाच रेषेत येतात. ‘सेल-सिंक’ या नावाने ही पद्धती प्रसिद्ध झाली व ती असलेला आठ पट्ट्यांचा ध्वनिमुद्रक १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांना देण्यात आला.

१९८३ मध्ये विद्युत् वाद्ये व संगणक यांना जोडणारा मिडी हा संकेत प्रचारात आला. त्या काळी संगणक प्रत्यक्ष ध्वनी हाताळीत नसे. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली एवढीच माहिती तो साठवी. पुढे प्रक्रियकांचा वेग वाढल्यावर खुद्द ध्वनीच संगणकात मुद्रित करणे व त्यावर तेथेच संस्कार करणे शक्य झाले. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ हा ध्वनिसंस्कारक आज्ञावली जोडण्याचा संकेत व १९९७ मध्ये ‘एएसआयओ’ हा ध्वनिउपकरणाशी जलद संपर्क साधण्याचा संकेत पुढे आणला. येथून घरगुती संगणक हेच ध्वनिमुद्रणगृह होऊ लागले आणि त्याबरोबर विलंबाचा प्रश्न घरोघरी पोहोचला.

विलंबाची कारणे : ध्वनीचा प्रवास पुढील टप्प्यांनी होतो. कंठ किंवा वाद्य यांपासून ध्वनिग्राहकापर्यंत तो हवेतून जातो. २०° से. तापमानास हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४३ मी. असल्याने दर ३४ सेंमी. अंतरास सु. १ मिसे. लागतो. ध्वनिग्राहकातून निघालेला विद्युत् संदेश ऑडिओ इंटरफेस या उपकरणातील परिवर्तकात जातो व तेथे त्याचे अंकांत रूपांतर होते. हे अंक यूएसबीसारख्या जोडणीवाटे संगणकात शिरतात. चालक आज्ञावली ते ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीकडे सोपविते, ती त्यांवर संस्कार करते आणि याच मार्गाने उलट प्रवास होऊन ध्वनी हेडफोनमध्ये येतो. या संपूर्ण फेरीस लागणाऱ्या काळास फेरीविलंब म्हणता येईल. कलावंताच्या दृष्टीने हीच राशी महत्त्वाची होय. काही आज्ञावलींत केवळ जाण्याचा किंवा केवळ येण्याचा विलंब दाखविलेला असतो व त्यावरून फसगत होते.

परिवर्तकातील विलंब थोडा असतो. आधुनिक परिवर्तकांत अंकीय छानक वापरलेले असतात व त्यांना ठराविक नमुने जमल्याशिवाय फलित देता येत नाही. समजा, छानकास ४० नमुने लागतात, तर दर सेकंदास ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत हा विलंब ०.८३ मिसे. होतो. यूएसबी जोडणीतही संदेश ठराविक हप्त्यांनी जातो. या जोडणीच्या पहिल्या पिढीत हा हप्ता १ मिसे.चा होता, २००० साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या उच्च वेगाच्या पद्धतीत तो ०.१२५ मिसे.चा झाला. हप्ता चुकू नये म्हणून चालक आज्ञावली काही नमुने राखून ठेवते व त्यामुळे आणखी थोडा काळ जातो.

मुख्य विलंब मात्र बफरमुळे होतो. संगणक एकाच वेळी अनेक कामे पाहत असतो : पडद्यावरील चित्र, जाळ्याशी संपर्क, चकतीवरील लेखन इत्यादी. प्रत्येक नमुना येताक्षणी त्याच्याकडे लक्ष देणे त्याला परवडत नाही. म्हणून नमुने एका तात्पुरत्या साठ्यात जमा करून ठराविक संख्येचा गठ्ठा झाला की तो प्रक्रियकाकडे देतात. हा साठा म्हणजे बफर होय. नगरपालिकेचे पाणी ठराविक वेळीच येत असले तरी गच्चीवरील टाकीमुळे घरातील नळ अखंड वाहतो, तसेच हे आहे. टाकी मोठी असेल तर पुरवठ्यातील खंड जाणवत नाही. पण आत आलेले पाणी नळापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. टाकी लहान असेल तर पाणी लगेच पोहोचते. पण पुरवठ्यात थोडा जरी खंड पडला तरी नळ कोरडा पडतो. ध्वनीच्या बाबतीत बफर वेळेत भरला नाही तर आवाजात टिकटिक, खरखर किंवा तुटकपणा येतो. येताना एक व जाताना एक असे किमान दोन बफर मार्गात असल्याने त्यांच्यामुळे होणारा विलंब एका बफरच्या कालावधीच्या निदान दुप्पट असतो.

एका बफरचा कालावधी = बफरमधील नमुन्यांची संख्या ÷ नमुनादर. नेहमीच्या मूल्यांसाठी येणारे कालावधी पुढील कोष्टकात दिले आहेत.

कोष्टक : एका बफरचा कालावधी (मिसे.)

नमुने — ४४,१०० नमुनादर — ४८,००० नमुनादर — ९६,००० नमुनादर
६४ — १.४५ — १.३३ — ०.६७
१२८ — २.९० — २.६७ — १.३३
२५६ — ५.८० — ५.३३ — २.६७
५१२ — ११.६१ — १०.६७ — ५.३३
१,०२४ — २३.२२ — २१.३३ — १०.६७

उदा., ४४,१०० नमुनादर व २५६ नमुन्यांचा बफर असता दोन बफरांचे मिळून ११.६ मिसे. होतात. त्यांत परिवर्तक, जोडणी व चालक आज्ञावली यांचे काही मिसे. मिळविले म्हणजे प्रत्यक्ष फेरीविलंब येतो. बफर १,०२४ नमुन्यांचा ठेवल्यास केवळ बफरांमुळेच ४६ मिसे.हून अधिक काळ जातो.

श्रवण व वादन यांवरील परिणाम : किती विलंब चालतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ३ मी. अंतरावर बसलेल्या दोन वादकांना एकमेकांचा ध्वनी सु. ९ मिसे. उशिरानेच ऐकू येतो आणि तरीही मैफल जमते. म्हणून १० मिसे.च्या आतील विलंब बहुतेक वादकांना त्रासदायक वाटत नाही, असे व्यवहारात मानतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मूट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या प्रबंधात दाखविले की, मूळ ध्वनीमागोमाग काही मिसे.पासून सु. ३० मिसे.पर्यंतच्या अवधीत आलेला त्याचाच दुसरा ध्वनी कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. हे ऐकणाऱ्याच्या बाबतीत खरे आहे. स्वतः वाजविणाऱ्यास मात्र हाताची हालचाल व तिचा ध्वनी यांतील फरक याहून लवकर जाणवतो.

गायकाची स्थिती आणखी वेगळी असते. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांमधून तत्काळ ऐकू येतो व हेडफोनमधून तोच आवाज थोड्या उशिराने येऊन त्यात मिसळतो. या मिश्रणात काही कंप्रता एकमेकींना मारतात. विलंब १ मिसे. असेल तर ५०० हर्ट्झ, १,५०० हर्ट्झ इ. कंप्रतांना व ५ मिसे. असेल तर १०० हर्ट्झ, ३०० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ इ. कंप्रतांना ही क्षीणता येते. परिणामी आवाज पोकळ किंवा नळीतून आल्यासारखा वाटतो आणि षड्ज नेमका लागला आहे की नाही याची खात्री गायकाला वाटेनाशी होते. म्हणजे लयीला बाधा न आणणारा विलंबही स्वराच्या जाणिवेला बाधा आणू शकतो. विलंब पुष्कळ वाढल्यास वाणीवरच परिणाम होतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःचे बोलणे सेकंदाच्या काही दशांशाइतक्या विलंबाने ऐकविल्यास बोलणारा अडखळू लागतो, असे दिसून आले.

तबल्यासारख्या वाद्यात लयीचा प्रश्न प्रधान असतो. द्रुत तीनतालात दर मिनिटास २४० मात्रा धरल्यास एक मात्रा २५० मिसे.ची होते व मात्रेत चार बोल असल्यास प्रत्येक बोलाच्या वाट्यास ६२.५ मिसे. येतात. अशा वेळी २५ मिसे. विलंब म्हणजे बोलातील अंतराचा दोन पंचमांश भाग होय. वादक आपल्या बोलाचा ध्वनी ऐकू येण्याची नकळत वाट पाहू लागला तर लय मंदावते. तो हे भरून काढण्याचा प्रयत्न करू लागला तर हात ठेक्यापुढे पळतो. विलंबित ख्यालात दोन मात्रांमधील अंतर मोठे असल्याने हा दोष कमी जाणवतो, पण स्वराविषयी वर सांगितलेला दोष तेथेही राहतोच.

मापन : उपाय योजण्यापूर्वी प्रत्यक्ष फेरीविलंब मोजणे इष्ट असते. इंटरफेसच्या ध्वनी बाहेर येण्याच्या छिद्रापासून आत जाण्याच्या छिद्रापर्यंत एक तार जोडावी. आज्ञावलीत एका पट्टीवर एकच तीक्ष्ण टिचकीसारखा ध्वनी ठेवून तो वाजवावा व दुसऱ्या पट्टीवर तो मुद्रित करावा. आज्ञावलीतील विलंबभरपाई बंद ठेवून दोन टिचक्यांमधील अंतर नमुन्यांत मोजल्यास फेरीविलंब मिळतो. उदा., ४४,१०० नमुनादर असता ४४१ नमुन्यांचे अंतर म्हणजे १० मिसे. होय. ही कसोटी करताना हेडफोन कानाला लावू नयेत व आवाजाची पातळी कमी ठेवावी, कारण जोडणी चुकल्यास ध्वनी पुन:पुन्हा फिरून मोठी किंकाळी उठू शकते.

विलंब कमी करण्याचे उपाय : (१) योग्य चालक आज्ञावली : संगणकाच्या मूळ कार्यकारी प्रणालीत सर्व आज्ञावलींचे ध्वनी एकत्र मिसळून पुढे पाठविण्याची सोय असते. दैनंदिन वापरास ती उपयुक्त असली, तरी तिच्यामुळे विलंब वाढतो. विंडोजमध्ये एएसआयओ हा संकेत या मधल्या थराला वगळून उपकरणाशी थेट संबंध जोडतो. म्हणून इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेली एएसआयओ चालक आज्ञावली वापरणे हा पहिला उपाय होय. विंडोज व्हिस्टापासून (२००७) वासापी या व्यवस्थेतही एकाच आज्ञावलीला उपकरणाचा संपूर्ण ताबा देता येतो. मॅक संगणकांत कोअर ऑडिओ ही व्यवस्था प्रणालीचाच भाग आहे. लिनक्समध्ये अल्सा ही मूळ व्यवस्था असून पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेली जॅक ही आज्ञावली कमी विलंबाने ध्वनी एका आज्ञावलीतून दुसरीत नेते. कामांना निश्चित वेळेत लक्ष देण्याची सोय करणारे ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हे बदल २०२४ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाले. ध्वनी आत घेणे व बाहेर देणे या दोन्ही गोष्टी एकाच उपकरणाने कराव्यात. दोन भिन्न उपकरणांतील घड्याळे तंतोतंत जुळत नसल्याने त्यांचा मेळ घालण्यात आणखी काळ जातो.

(२) बफरची निवड : मुद्रणाच्या वेळी बफर लहान (६४ किंवा १२८ नमुने) व मिश्रणाच्या वेळी मोठा (५१२ किंवा १,०२४ नमुने) ठेवणे हा सर्वांत परिणामकारक नियम आहे. मिश्रण करताना कोणीही गात किंवा वाजवीत नसते. त्यामुळे तेथील विलंबाने काही बिघडत नाही आणि मोठ्या बफरमुळे संगणकाला जड संस्कार करण्यास वाव मिळतो. बफर क्रमाक्रमाने कमी करीत जावे व टिकटिक ऐकू येऊ लागताच एक पायरी मागे यावे. अधिक वेगवान संगणक घेतल्याने विलंब आपोआप कमी होत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. वेगवान संगणकात बफर लहान ठेवणे शक्य होते इतकेच. बफर पूर्वीइतकाच ठेवला तर विलंबही जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो.

(३) नमुनादर : नमुनादर ४८,००० वरून ९६,००० केल्यास त्याच संख्येच्या बफरचा कालावधी निम्मा होतो व परिवर्तकातील छानकांचा विलंबही बहुधा घटतो. तथापि एक गठ्ठा हातावेगळा करण्यास प्रक्रियकाला मिळणारा वेळही निम्मा होतो आणि संस्कार करावयाचे नमुने व लागणारी साठवण दुप्पट होतात. म्हणून बफरविलंबाच्या दृष्टीने नमुनादर दुप्पट करणे व बफर निम्मा करणे यांत फारसा फरक नाही. ज्या संगणकाला लहान बफर झेपत नाही त्याला उच्च नमुनादरही झेपत नाही.

(४) संगणकावरील भार : लहान बफर निर्वेध चालण्यासाठी प्रक्रियकाचा सरासरी वेग जितका महत्त्वाचा, तितकेच त्याचे लक्ष मधेच दुसरीकडे न जाणे महत्त्वाचे असते. बिनतारी जाळ्याची चालक आज्ञावली, विजेची बचत करण्यासाठी प्रक्रियकाचा वेग कमीजास्त करणारी व्यवस्था, पार्श्वभूमीत चालणारी विषाणुतपासणी किंवा नक्कल घेणारी आज्ञावली यांमुळे क्षणभर अडथळा येतो व आवाज तुटतो. मुद्रणाच्या वेळी बिनतारी जाळे बंद ठेवणे, विद्युत् बचतीची व्यवस्था तात्पुरती शिथिल करणे, सुवाह्य संगणक विजेच्या जोडणीवर चालविणे आणि इंटरफेस मधल्या जोडपेटीऐवजी सरळ संगणकाला जोडणे हे उपाय बिनखर्चाचे व गुणकारी आहेत.

ध्वनिसंस्कारांपैकी काही स्वभावतःच विलंब निर्माण करतात. पुढे येणारे शिखर आधी पाहून आवाज आवरणारे मर्यादक व सर्व कंप्रतांना समान विलंब देणारे समकारक यांना काही नमुने अगोदर हाती असावे लागतात. सर्व पट्ट्या एकत्र राहाव्यात म्हणून आज्ञावली इतर पट्ट्यांनाही तितकाच विलंब लावते. त्यामुळे असा एखादा संस्कारक मुख्य पट्टीवर राहून गेला, तर बफर लहान असूनही गायकाला आवाज उशिरा येतो व कारण लवकर सापडत नाही. मुद्रणाच्या वेळी असे संस्कार बंद ठेवावेत आणि ज्या पट्ट्यांवरील संस्कार निश्चित झाले आहेत त्या संस्कारांसह पुन्हा मुद्रित करून भार हलका करावा.

(५) थेट श्रवण : बहुतेक इंटरफेसमध्ये ध्वनिग्राहकाचा संदेश संगणकात पाठविण्यापूर्वीच त्याचा काही भाग हेडफोनकडे वळविण्याची सोय असते. अशा वेळी गायकाचा आवाज संगणकाची फेरी न करता त्याच्या कानी येतो व विलंब नाममात्र राहतो. संगणकातून केवळ तानपुरा, ठेका किंवा आधी मुद्रित केलेली साथ येते. आज्ञावलीतून येणारा त्याच पट्टीचा आवाज या वेळी बंद ठेवावा लागतो. अन्यथा एकच आवाज दोनदा ऐकू येतो. सेल-सिंक पद्धतीप्रमाणेच येथेही विलंब नष्ट केलेला नसून कलावंताचा मार्ग त्याच्या बाहेरून काढलेला आहे. थेट येणारा आवाज कोरडा असल्याने गायकाला तो रुचत नाही. यासाठी संगणकातील अनुरणनाचा संस्कारक वापरून त्यातून मूळ आवाज वगळावा व केवळ अनुरणन हेडफोनमध्ये सोडावे. दालनात अनुरणन मूळ ध्वनीनंतर थोड्या अवकाशानेच येते. त्यामुळे त्याला १०–२० मिसे. उशीर झाला तरी तो स्वाभाविक वाटतो.

(६) संगणकातच उत्पन्न होणारे स्वर : कळफलकाने वाजविलेली संवादिनी किंवा सतार संगणकातील आज्ञावलीच निर्माण करीत असेल, तर थेट श्रवणाचा उपाय लागू पडत नाही, कारण संगणकात शिरण्यापूर्वी तेथे ध्वनीच नसतो. गिटारच्या प्रवर्धकाचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीतही, संस्कारित ध्वनी ऐकूनच वाजवावयाचे असल्याने, हीच अडचण येते. या प्रकारांत लहान बफर हाच मुख्य मार्ग उरतो. कळफलकाच्या बाबतीत जमेची बाजू अशी की, ध्वनी आत घेण्याचा टप्पा नसल्याने बाहेर जाण्याच्या बफरचाच विचार करावा लागतो. मूळ मिडी जोडणीतून सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक जातात व तीन शब्दांच्या एका संदेशास सु. १ मिसे. लागतो, एकटा स्वर वाजविताना तो नगण्य असतो.

(७) हेडफोन : बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये ध्वनीचे संकोचन, प्रक्षेपण व विस्तारण यांमुळे सामान्यतः १०० मिसे.हून अधिक विलंब होतो. वरील सर्व उपाय योजूनही केवळ अशा हेडफोनमुळे ते निष्फळ ठरतात. मुद्रणासाठी तारेने जोडलेला, कान पूर्ण झाकणारा हेडफोनच वापरावा. त्यामुळे ठेक्याचा आवाज ध्वनिग्राहकात उतरण्याचा धोकाही टळतो.

मुद्रित पट्टीचे स्थान : ऐकू येणारा विलंब व मुद्रित पट्टी कालरेषेवर सरकणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. आज्ञावलीने वाजविलेला ठेका वादकाच्या कानी थोडा उशिरा येतो, वादक त्याच्याशी अचूक जुळवून वाजवितो व त्याचे वादन संगणकात पोहोचण्यास आणखी काळ जातो. म्हणजे वादकाने चूक न करताही त्याची पट्टी फेरीविलंबाइतकी मागे पडते. आज्ञावली चालकाकडून विलंबाचा आकडा घेऊन पट्टी तेवढी पुढे ओढते. परंतु चालकाने दिलेला आकडा खरा नसेल तर पट्टीत कायमचा फरक राहतो. थेट श्रवणाने हा दोष जात नाही, कारण तेथे ऐकणे सुधारते, मुद्रणाचा मार्ग तोच राहतो. यासाठी वर दिलेली तारेची कसोटी विलंबभरपाई चालू ठेवून पुन्हा करावी व उरलेले अंतर नमुन्यांत मोजून आज्ञावलीच्या मुद्रणभरपाईच्या रकान्यात भरावे. बफर किंवा नमुनादर बदलल्यास ही कसोटी पुन्हा करणे आवश्यक असते. ठेका ऐकून वाजविलेला तबला, त्यावर घेतलेली संवादिनी व तिच्यावर घेतलेले गायन अशा थरांनी मुद्रण करताना प्रत्येक थरात दुरुस्त न केलेला फरक साचत जातो आणि अखेरीस समेवर सर्वजण वेगवेगळे येतात. मुद्रण झाल्यावर कलावंताच्या लयीला दोष देण्यापूर्वी हा फरक तपासणे, हे त्याला न्याय देण्यासारखे आहे.

मर्यादा : एका खोलीतील विलंब वरील उपायांनी आटोक्यात येतो, पण दूरच्या गावी बसलेल्या साथीदाराबरोबर एकाच वेळी गाणे हा निराळा प्रश्न आहे. काचतंतूमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सु. २ लक्ष किमी. असतो. मुंबई व न्यूयॉर्क यांमधील सु. १२,५०० किमी.चे अंतर सरळ रेषेत काटले, तरी एका दिशेस ६२ मिसे.हून अधिक काळ लागतो व प्रत्यक्ष मार्ग याहून लांबचा असतो. अमेरिकेतील मराठी गायकाला मुंबईतील तबलजीबरोबर द्रुत लयीत गाता येत नाही याचे कारण बफर नसून पृथ्वीचा आकार होय. अशा वेळी एकाने आधी मुद्रित करावयाचे व दुसऱ्याने ते ऐकून आपली पट्टी भरावयाची, हीच रीत व्यवहार्य ठरते आणि तीत दोन्ही ठिकाणची मुद्रणभरपाई अचूक असणे महत्त्वाचे असते.

एकाच घरात किंवा जवळच्या अंतरावरही विलंब शून्यावर आणण्याचा हट्ट उपयोगाचा नसतो. बफर फार लहान करून आवाज तुटू लागला, तर उत्तम साधलेली तानही वाया जाते व ती पुन्हा तशीच लागेल याची शाश्वती नसते. म्हणून गायनाचे मुद्रण थेट श्रवणाने व मध्यम बफर ठेवून करावे, संगणकातील वाद्ये वाजविताना शक्य तितका लहान बफर ठेवावा आणि मिश्रणाच्या वेळी तो वाढवावा, हा क्रम सामान्य साधनांनिशीही समाधानकारक ठरतो.